मोटारीची निवड, चालविण्याची सवय आणि पर्यावरण

बीड शहरातून प्रवासी रेल्वे प्रथम धावली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोपर्यंत शहराचा सारा भार रस्त्यांवर होता आणि जिल्ह्यातील बहुतेक प्रवास आजही रस्त्यानेच होतो. पावसाच्या लहरीवर शेती अवलंबून असलेल्या या जिल्ह्यात तापमानवाढीची झळ मोठी आहे. म्हणूनच मोटार कोणती घ्यावी आणि ती कशी चालवावी, हा विचार येथेही महत्त्वाचा ठरतो.

एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे २.३ किलो, तर डिझेल जळाल्यावर सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. वर्षाला १२ हजार किलोमीटर प्रवास धरल्यास लिटरमागे २० किलोमीटर धावणाऱ्या पेट्रोल मोटारीस ६०० लिटर, तर १२ किलोमीटर धावणाऱ्या अवजड मोटारीस एक हजार लिटर इंधन लागते. ४०० लिटरचा हा फरक म्हणजे वर्षाकाठी सुमारे ९२० किलो कार्बन डायऑक्साइड होय. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या 'भारत स्टेज-६' निकषांमुळे नव्या वाहनांच्या धुरातील घातक कण व नायट्रोजनची संयुगे घटली. कार्बन डायऑक्साइड मात्र जळालेल्या इंधनावरच ठरतो.

विजेवरील मोटार रस्त्यावर धूर सोडत नाही. तथापि राज्यातील बरीचशी वीज परळीसारख्या औष्णिक केंद्रांत कोळशापासून तयार होते. या केंद्राला पाणीही भरपूर लागते. २०१५ मध्ये पाण्याअभावी ते बंद ठेवावे लागले होते. त्यामुळे घराच्या छतावरील सौर विजेवर चार्जिंग केल्यास लाभ अधिक.

वाहन चालविण्याच्या सवयींनीही इंधनाचा खर्च कमी-जास्त होतो. मांजरसुंबा किंवा धारूरचा घाट उतरताना इंधन वाचावे म्हणून काही चालक गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. हा समज चुकीचा आहे. आधुनिक इंजिनात गिअर कायम ठेवून ॲक्सिलरेटरवरील पाय काढल्यास उतारावर इंधनपुरवठा जवळपास थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरते इंधन जळतच राहते. शिवाय सारा ताण ब्रेकवर येऊन ते निकामी होण्याचा धोका असतो. सोलापूर–धुळे महामार्गावर वेग वाढवला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. टायरमधील कमी हवा, टपावरील रिकामे कॅरिअर आणि उभ्या गाडीचे चालू इंजिन यांमुळेही इंधन वाया जाते.

नवी मोटार घेणे प्रत्येकास परवडणारे नाही. या सवयी बदलण्यास मात्र वेगळा खर्च येत नाही. जेथे एसटी किंवा रेल्वेची सोय आहे, तेथे मोटार घरीच ठेवणे सर्वांत हितकारक.