पोबारा

चोर पोबारा करतो, कर्जबुडव्या पोबारा करतो, दुधाला तोंड लावलेली मांजर पोबारा करते. मराठीत हा शब्द पळणाऱ्याच्याच वाट्याला आला आहे. हिंदीत मात्र ‘पौ बारह’ झाले म्हणजे नशीब उघडले. हिंगोलीच्या बाजारात मराठी, हिंदी आणि दखनी एकाच गल्लीत कानावर पडतात. तिथे हा शब्द ऐकून एकजण पोलिसांकडे धावेल, तर दुसरा पेढ्यांच्या दुकानाकडे.

दोन्ही अर्थ सोंगट्यांच्या पटावरून उठले, यावर कोशकारांत फारसा वाद नाही. तीन फासे टाकले, एकावर एक आणि उरलेल्या दोहोंवर सहा-सहा पडले, की ते दान पोबारा. ‘पो’ म्हणजे एक, ‘बारा’ म्हणजे दोन छक्के. वाद पुढचा आहे. इतके चांगले दान मराठीत पळून का गेले?

फाशांचे कूळ जुने. ऋग्वेदातला जुगारी आहे, सभापर्वातला शकुनी आहे, वेरूळच्या रामेश्वर लेण्यात शिव-पार्वतीच डाव मांडून बसले आहेत. आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथाची स्थापना धर्मराजाने वनवासात केली असे सांगतात, म्हणजे आख्यायिकेचा हिशेब धरला तर हे देवस्थान आम्हाला एका हरलेल्या डावामुळे लाभले. असो. आपल्याला कूळ पाहायचे आहे ते दान मोजण्याच्या पद्धतीचे.

सोंगट्या चौघांचा खेळ. समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. फासा लांबट, त्याच्या चारच बाजूंवर ठिपके: एक, दोन, पाच आणि सहा. तीन आणि चार नाहीतच. गुण लिहायला पाटी नाही, कागद नाही. दान पडले की त्याचे नाव मोठ्याने घ्यायचे आणि त्याप्रमाणे सोंगट्या हलवायच्या, एवढाच हिशेब. पट हीच वही.

आता गंमत पाहा. एक, सहा, सहा यांची बेरीज तेरा. पण दोन, पाच, सहा यांचीही तेराच! तीन फाशांची चौसष्ट दाने होतात. त्यांत पहिले तीनदा येते, दुसरे सहादा. म्हणजे दुसरा तेरा दुप्पट वेळा पडतो, तरी त्याला कोणी पोबारा म्हणत नाही. आणि पोबाऱ्याला कोणी तेरा म्हणत नाही. या खेळात बेरजेला किंमत नव्हती, किंमत होती ती दानाच्या घडणीला.

ही घडण कशासाठी, हे मला भलत्याच ठिकाणी सापडले. अबुल फझलच्या ‘आइन-ए-अकबरी’चा ब्लॉकमनने केलेला इंग्रजी अनुवाद १८७३ मध्ये निघाला. त्यात अकबराच्या दरबारातल्या खेळांमध्ये चौपडीचे नियम दिले आहेत. पट तोच, फासे तेच. त्यातला एक नियम असा की दोन सोंगट्या एकाच घरात जोडीने असतील तोवर प्रतिस्पर्ध्याला त्या मारता येत नाहीत. दुसरा असा की दोन छक्के पडले तर अशी जोडी एकत्रच बारा घरे पुढे नेता येते. आणि तिसरा, ज्याने मी खुर्चीतून उठलो: सहा, पाच, एक असे दान पडले तर ते ‘खाम’, म्हणजे कच्चे. त्याचीही बेरीज बाराच. पण त्या बारावर एकटी सोंगटी बारा घरे जाते, जोडीला मात्र सहाच घरे मिळतात.

म्हणजे एक बारा कच्चे आणि एक पक्के. कच्च्यात एकटा धावतो, पक्क्यात जोडी न फुटता धावते. आपल्याकडे जोडीला जुग म्हणतात. जुग सुरक्षित, पण अडकलेला. एकाच फाशाचे दान खेळले तर तो फुटतो आणि मागे राहिलेली सोंगटी मारली जाते. शत्रू मागे येऊन बसला आहे, पुढची वाट लांब आहे, हलावे तर मरण आणि न हलावे तर खोळंबा. अशा वेळी दोन छक्के पडले की दोघी हातात हात घालून बारा घरे पार! पटाच्या एका फाट्याची बाहेरची रांग आठच घरांची असते, हे लक्षात घेतले की ही झेप केवढी ते कळेल. माझ्या मते मराठी पोबारा इथे जन्मला. हिंदीने या दानातला लाभ पाहिला, मराठीने त्यातली सुटका पाहिली.

यावर पहिला आक्षेप मीच घेतो. धावण्याचे काम दोन छक्क्यांचे, मग नावात ‘पो’ कशाला? सहा-सहा-पाच हे तर सतरा, अधिक दणकट दान. याचे उत्तरही नियमांतच दडले आहे असे मला वाटते. मधल्या घरात शिरायला नेमके हवे तेवढेच दान लागते. एखादी सोंगटी दारापाशी एका घरावर अडली असेल तर पाच कुचकामी, एकच हवा. पोबाऱ्यात जुग निसटतो आणि त्याच हाताने अडलेली सोंगटी घरात जाते. पाचाला हे जमत नाही.

प्रतिस्पर्धी मते दोन-तीन आहेत. एक म्हणते, ‘पौ फटना’ म्हणजे पहाट होणे, म्हणून पहाटे पळालेला चोर. पण मग बाराचे काय करायचे? दुसरे म्हणते, जिंकलेला जुगारी पैसे गोळा करून निसटतो, तोच पोबारा. हे जरा बरे आहे. पण जिंकून उठणाऱ्याला बाकीचे असा उठू देत नाहीत, पुढचा डाव खेळायला बसवतात. तिसरे म्हणते, बारा वाटांनी पळणे हाच मूळ अर्थ. तेव्हा ‘पो’ पोरका होतो.

खरा पेच हिंदीच्या ‘नौ दो ग्यारह’ने घातला आहे. पळून जाण्यालाच हिंदीत असे म्हणतात, आणि तेही चौसरीतूनच, म्हणजे सोंगट्यांच्या खेळातूनच आले असे काही जण ठासून सांगतात. त्यांनी फासे हातात घेऊन पाहावेत. एक, दोन, पाच, सहा यांतले कुठलेही दोन आकडे घ्या, बेरीज नऊ होतच नाही! दोन फाशांवर नऊ आणि तिसऱ्यावर दोन हे दान पडणे अशक्य. तीन फाशांत अकरा येतात ते एकाच रीतीने, पाच-पाच-एक. तेव्हा ‘नौ दो ग्यारह’ ही दुकानदाराची बेरीज असेल, खेळणाऱ्याची नव्हे.

शब्द आमच्याकडे कुठून आला? हिंगोली हे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचे ठाणे होते. छावणीत हिंदुस्तानी शिपाई, वेळ भरपूर. तिथूनच तो आला असे म्हणायचा मोह होतो, पण मी त्याला बळी पडत नाही. सोंगट्या मराठी मुलखात छावणीच्या कितीतरी आधीपासूनच्या. ‘छक्केपंजे’ही फाशांच्याच घरातले, आणि तेही मराठीत लबाडीकडे झुकले. फाशांच्या शब्दांबद्दल मराठी माणूस जरा संशयीच दिसतो.

माझ्या तर्काची परीक्षा एकाच गोष्टीने होईल. सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढ्याकडे कोणाच्या घरी कापडी पट आणि फासे अजून असतील, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: सहा-सहा-पाच पडले की तुम्ही काय म्हणत होता, आणि त्यावर जुग किती घरे जात होता? उत्तर मिळाले तर जरूर कळवा, माझ्याविरुद्ध असले तरी.