शर्कराविघटनाच्या शोधाचा इतिहास

शर्कराविघटन : (ग्लायकॉलिसिस). सजीव कोशिकेत ग्लुकोजाच्या एका रेणूपासून पायरुव्हिक अम्लाचे दोन रेणू बनून ऊर्जा मिळण्याची क्रिया. तिचा शोध किण्वनाविषयीच्या (आंबण्याच्या क्रियेविषयीच्या) वादातून लागला. लूई पाश्चर यांच्या मते किण्वनास जिवंत यीस्ट आवश्यक होते. युस्टुस फोन लीबिख ती निव्वळ रासायनिक क्रिया मानीत. १८९७ मध्ये एडुआर्ट बूखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून व दाबून काढलेल्या कोशिकारहित रसात शर्करा मिसळली असता कार्बन डाय-ऑक्साइडाचे बुडबुडे येऊ लागले. हे पाहण्यास पाश्चर व लीबिख दोघेही हयात नव्हते. किण्वन एंझाइमांमुळे होते. मात्र ती एंझाइमे जिवंत कोशिकाच तयार करते, असे यावरून दिसून आले.

आर्थर हार्डेन व विल्यम यंग यांना अशा रसातील मंदावलेले किण्वन फॉस्फेट घालताच पुन्हा वेगाने होते, असे आढळले. फॉस्फेटाचे प्रयोजन मात्र पुढे स्नायूंच्या अभ्यासातून उलगडले. १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि अमेरिकेत सायरस फिस्के व भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्वतंत्रपणे स्नायूतील ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट (एटीपी) शोधून काढले. गुस्टाफ एम्बडेन, ओटो मायरहोफ, याकूब पार्नास इत्यादींच्या कार्यामुळे १९४० च्या सुमारास क्रियेचे सर्व टप्पे ज्ञात झाले. तीत प्रथम एटीपीचे दोन रेणू खर्ची पडून नंतर चार निर्माण होतात. म्हणजे निव्वळ लाभ दोनच रेणूंचा होतो. यीस्ट आणि स्नायू यांतील मार्ग मुख्यतः एकच असल्याने जीवसृष्टीतील रासायनिक एकात्मतेचा तो ठळक पुरावा ठरला.