आजारी परीक्षार्थी आणि परीक्षेचा न्याय

परीक्षा आठ दिवसांवर आली असतां मुलाला कांजिण्या याव्या, किंवा विषमज्वरानें त्यानें अंथरूण धरावें, हा प्रसंग आपल्या मध्यमवर्गीय घरांना अपरिचित नाहीं. अशा वेळीं घरांत एकच उद्गार ऐकूं येतो : "आतां वर्ष वाया जाणार!" मग कोणी वैद्यकीय दाखल्याची खटपट करतो, कोणी ओळखीचा माणूस शोधतो, आणि कोणी तर अंगांत ताप असलेल्या मुलाला रिक्षांत घालून परीक्षागृहांत नेऊन बसवितो. या धांवपळींत मूळ प्रश्न बाजूला राहतो. परीक्षेनें आजारी विद्यार्थ्याला सवलत द्यावी काय, आणि द्यावयाची तर कोणत्या स्वरूपाची? हा प्रश्न आजचा नाहीं. परीक्षा या संस्थेच्या इतिहासांतच तो गुंतलेला आहे, आणि त्या इतिहासाकडे पाहिल्यावांचून त्याचें समाधानकारक उत्तर मिळणार नाहीं असें आम्हांस वाटतें.

राज्यकारभारासाठीं लेखी परीक्षा घेण्याची पद्धति प्रथम चीन देशांत पूर्णत्वास गेली. सुंग राजवटींत उत्तरपत्रिकेवरील नांव कागद चिकटवून झांकण्याची, आणि हस्ताक्षरावरूनहि लेखक ओळखतां येऊं नये म्हणून कारकुनांकडून तिची नक्कल करविण्याची चाल पडली. हेतु उघड होता. परीक्षकाला उमेदवाराचें कुळ, ओळख किंवा वशिला यांपैकीं कांहींच दिसूं नये. पुढें मिंग व चिंग राजवटींत प्रांतिक परीक्षा साधारणपणें दर तीन वर्षांनीं होत असे. हजारों उमेदवार अरुंद कोठड्यांत एकेकटे बसून लिहीत, आणि बैठक संपेपर्यंत आवाराचीं दारें मोहोरबंद राहत. त्या दिवसांत जो आजारी पडे त्याला पुढच्या परीक्षेची वाट पाहण्यावांचून गत्यंतर नसे. १९०५ सालीं ही परीक्षा बंद झाली. परंतु परीक्षक आणि परीक्षार्थी यांच्यामध्यें पडदा असेल तरच न्याय होतो, हा तिचा धडा जगानें उचलला. मात्र ज्या पडद्यामुळें वशिला दिसेनासा होतो, त्याच पडद्यामुळें तापलेलें कपाळहि दिसेनासें होतें. आमच्या विषयाचें सारें मर्म या एका गोष्टींत आहे.

इंग्लंडांतील जुन्या विद्यापीठांत परिस्थिति निराळी होती. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथें विद्यार्थी कॉलेजांत राही, आणि त्याचा ट्यूटर त्याला जवळून ओळखीत असे. म्हणून तेथें 'ईग्रोटॅट' नांवाची सोय रूढ झाली. हा शब्द लॅटिन असून त्याचा अर्थ 'तो आजारी आहे' इतकाच आहे. आजारपणाच्या दाखल्यालाहि हेंच नांव, आणि त्या दाखल्याच्या आधारें परीक्षा न देतां मिळणाऱ्या पदवीलाहि हेंच नांव. अशा पदवीला सामान्यतः श्रेणि नसे. विद्यार्थी पदवीधर होई, परंतु ऑनर्सच्या मानाला मुके.

ऑनर्सला मुकणें म्हणजे काय, हें फ्रान्सिस गाल्टन याच्या चरित्रावरून दिसतें. केंब्रिजमध्यें गणिताचा अभ्यास करीत असतां तिसऱ्या वर्षीं त्याची प्रकृति ढासळली, ऑनर्सचा नाद सोडावा लागला, आणि १८४४ सालीं साध्या पदवीवर त्याला संतोष मानावा लागला. याच गाल्टननें १८६९ सालीं आनुवंशिक बुद्धिमत्तेवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत माणसामाणसांच्या बुद्धींत केवढें अंतर असतें हें दाखविण्यासाठीं त्यानें केंब्रिजच्या गणित परीक्षेंतील गुणांचाच आधार घेतला! ज्या मापानें तो इतरांना मोजीत होता, त्या मापाखालीं केवळ प्रकृतीमुळें त्याला स्वतःला उभें राहतां आलें नव्हतें. गुणांत बुद्धीइतकाच शरीराचाहि भाग असतो, याला याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल.

आमच्याकडे विद्यापीठें आलीं तीं ऑक्सफर्ड–केंब्रिजच्या वळणावर नव्हे, तर १८३६ सालीं स्थापन झालेल्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. १८५७ सालचें मुंबई विद्यापीठ प्रारंभीं शिकवीत नसे. तें परीक्षा घेई व पदव्या देई. १८५९ सालच्या पहिल्या मॅट्रिक्युलेशन परीक्षेंत माधवराव रानडे आणि रामकृष्णपंत भांडारकर उत्तीर्ण झाले, व १८६२ सालच्या पहिल्या चार पदवीधरांतहि ते होते. घराण्याचें पाठबळ नसलेल्या मुलाला या परीक्षेनें वर येण्याची वाट दिली, हें तिचें ऋण मान्य केलें पाहिजे. परंतु जसजशी संख्या वाढली, तसतसा विद्यार्थी एका क्रमांकापुरता उरला. त्याला ओळखणारा शिक्षक एकीकडे, आणि त्याचे गुण ठरविणारा परीक्षक दुसरीकडे. आजाऱ्याला सांगावयाचें तें एवढेंच, कीं पुढल्या वर्षीं ये.

एक वर्ष जाणें ही कांहीं सर्वथैव आपत्ति नव्हे, असें कोणी म्हणेल. लोकमान्य टिळकांनीं डेक्कन कॉलेजांतील पहिलें वर्ष शरीर कमावण्यांत घालविलें, आणि पुढें तुरुंगवासांत तें शरीरच त्यांच्या कामीं आलें, ही गोष्ट सुप्रसिद्ध आहे. पण स्वेच्छेनें दिलेलें वर्ष आणि आजारानें हिरावून घेतलेलें वर्ष यांत अंतर आहे. ज्याची फी वडिलांनीं कर्ज काढून भरली, किंवा ज्या मुलीचें शिक्षण 'या वर्षापुरतें' म्हणून चालूं ठेवलें आहे, तिला दुसरें वर्ष मिळेलच असें नाहीं.

मग सवलत द्यावयाची कशी? आजपर्यंत तीन मार्ग निघाले आहेत. पहिला मार्ग गुण वाढवून देण्याचा. इंग्लंडांतील शालेय परीक्षांत दुखणें, घरांतील मृत्यु अशा कारणांसाठीं असे गुण देतात. त्यांची मर्यादा पांच टक्के असून ती अत्यंत कठीण प्रसंगांसाठीं राखलेली आहे. पण आजाराचें असें मोजमाप कसें करावें? रामानुजन् मद्रासच्या पच्चयप्पा कॉलेजांत शिकत असतां आजारी पडला, आणि १९०७ सालीं एफ्. ए. च्या परीक्षेंत गणिताखेरीज इतर विषयांत नापास झाला. केवळ आजारामुळें तो नापास झाला असें म्हणणें सत्याला सोडून होईल. गणितापुढें इतर विषय त्याला सुचतच नव्हते. त्याच्या अपयशांत दुखण्याचा वांटा किती टक्के, हें कोणता परीक्षक सांगूं शकला असता?

दुसरा मार्ग मागील कामावरून अंदाज करण्याचा, म्हणजे ईग्रोटॅटचाच. एका मुलापुरता तो चालतो; सरसकट लावला कीं त्याचे दोष उघडे पडतात. २०२० सालीं करोनाच्या साथींत इंग्लंडनें शाळांच्या पूर्वीच्या निकालांवरून गणिती सूत्रानें श्रेणि ठरविल्या, आणि लोकक्षोभ होतांच ऑगस्टमध्यें तें सूत्र मागें घ्यावें लागलें. २०२१ सालीं महाराष्ट्रांत दहावीची परीक्षा रद्द होऊन नववीचे गुण व अंतर्गत मूल्यमापन यांवर निकाल लागला, तो ९९.९५ टक्के होता. त्या प्रसंगीं दुसरा इलाज नव्हता, हें खरें. परंतु जो निकाल सर्वांनाच उत्तीर्ण ठरवितो, तो कोणाविषयींच फारसें कांहीं सांगत नाहीं.

तिसरा मार्ग वेळ देण्याचा. पूर्वी आमच्याकडे मार्च हुकल्यास दुसरी परीक्षा पावसाळ्याच्या अखेरीस होई, आणि तोंवर कॉलेजें सुरू होऊन गेलेलीं असत. २०१५ पासून महाराष्ट्र मंडळानें दहावीची पुरवणी परीक्षा जुलैमध्यें घेण्यास आरंभ केला. हा फरक दिसण्यांत लहान आहे. पण त्यानें पडद्याला धक्का न लावतां आजाऱ्याची सोय केली. येथें परीक्षकाला कोणाची दया करावी लागत नाहीं, दाखला खरा कीं खोटा याची चौकशी करावी लागत नाहीं, आणि प्रश्नपत्रिकेपुढें सर्व सारखे राहतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंहि वर्षांतून दोनदां मंडळाची परीक्षा देण्याची मुभा असावी असें सुचविलें आहे.

आमच्या मतें हाच मार्ग श्रेष्ठ होय. आजारी विद्यार्थ्याचें नुकसान होतें तें वेळेचें. तेव्हां भरपाईहि वेळेचीच हवी. मात्र दुसरी परीक्षा ही 'नापासांची परीक्षा' ही समजूत जोंवर समाजांत आहे, तोंवर आईबाप तापलेल्या मुलाला पहिल्याच परीक्षेला नेऊन बसवीत राहणार. मंडळानें आपल्याकडून तारीख जवळ आणली आहे. ती समजूत दूर करणें हें मंडळाच्या हातचें नाहीं. तें काम घराघरांतून व्हावयाचें आहे.