आवृत्ती-नियंत्रण भांडार, दूरस्थ
संगणकीय आज्ञावली वा दस्तऐवज यांत वेळोवेळी होणारे बदल, ते करणाऱ्याचे नाव व दिनांक यांसह जतन करणारा आणि जालकामार्फत दुसऱ्या संगणकावरून वापरता येणारा संग्रह. प्रारंभी तो केवळ तज्ञांच्या आवाक्यात होता. भाषांतरकार, चित्रकार, पुस्तिकालेखक यांनाही तो वापरता यावा, यासाठी पुढे अनेक प्रयत्न झाले.

मार्क रॉचकिंड यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२ मध्ये ‘एससीसीएस’ व वॉल्टर टिची यांनी पर्ड्यू विद्यापीठात १९८२ च्या सुमारास ‘आरसीएस’ ही प्रणाली तयार केली. या दोहोंत संग्रह व वापरणारे सामान्यतः एकाच संगणकावर असत. डिक ग्रून यांच्या ‘सीव्हीएस’मुळे (१९८६) एकच फाइल अनेकांना एकाच वेळी हाताळता येऊ लागली आणि पुढे हे काम दूरवरूनही शक्य झाले, तथापि त्यासाठी सामान्यतः मूळ संगणकावर खाते लागे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ओपनबीएसडी प्रकल्पाने आपले भांडार खात्याविना, केवळ वाचनापुरते, सर्वांना खुले केले. वाचनाधिकार व लेखनाधिकार यांची ही फारकत महत्त्वाची ठरली.

२००० मध्ये कोलॅबनेट कंपनीने हाती घेतलेल्या ‘सबव्हर्जन’चे (पहिली पूर्ण आवृत्ती २००४) भांडार ‘वेबडॅव्ह’ या संकेतामुळे साध्या फोल्डरप्रमाणे उघडता येते. ‘टॉर्टॉइजएसव्हीएन’ या जोडसाधनाने विंडोजमधील फाइलींच्या चिन्हांवरच बदलाची खूण दाखविली व टंकलिखित आज्ञांऐवजी माउसच्या उजव्या कळीने उघडणारी यादी दिली.

लिनस टोरव्हाल्ड्झ यांच्या ‘गिट’मध्ये (२००५) प्रत्येकाकडे संपूर्ण इतिहासाची प्रत असते. बदल नोंदविणे व तो दूरस्थ भांडाराकडे पाठविणे या येथे भिन्न क्रिया असल्याने नवख्याचा गोंधळ होतो. २००८ मध्ये खुल्या झालेल्या ‘गिटहब’ने पुढे ब्राउझरमध्येच संपादनाची सोय केली. लेखनाधिकार नसलेल्याचा बदल त्याच्या स्वतंत्र प्रतीत नोंदला जातो आणि तो प्रस्तावरूपाने मूळ भांडाराच्या चालकांकडे पाठविता येतो. त्यामुळे सुचविण्याचा मार्ग व्यापक झाला. स्वीकारण्याचा अधिकार मात्र मोजक्यांकडेच राहिला.

सुलभता व सुरक्षितता यांचा मेळ घालणे अवघड असते. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबने गिटच्या आज्ञांसाठी खात्याचा परवलीचा शब्द स्वीकारणे बंद केले व सांकेतिक किल्ली किंवा टोकन आवश्यक केले. चोरीचा धोका त्यामुळे घटला, परंतु सामान्य वापरणाऱ्याच्या वाटेत एक पायरी वाढली. शिवाय दोघांनी एकच ओळ निरनिराळ्या प्रकारे बदलल्यास कोणती ठेवावी, हे अखेर माणसासच ठरवावे लागते. साधनांनी आज्ञांचे ओझे हलके केले, या निर्णयाचे नव्हे.