आधी देव, मग मिशन

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव निघालं, की आपल्याला फुलामुलांचे कवी आठवतात. मलाही शाळेत तेच भेटले. पण आज बोलायचंय ते त्यांच्या आयुष्यातल्या दोन निर्णयांबद्दल. एक १८९५ सालचा, दुसरा १९१७ सालचा.

येशू डोंगरावरच्या प्रवचनात सांगतो, की अन्नवस्त्राची काळजी करत बसू नका, आधी देवाचं राज्य शोधा. मत्तयाच्या शुभवर्तमानात पुढे तर तो याहून कठोर होतो. आईबापांवर, लेकरांवर माझ्याहून अधिक प्रेम करणारा माझ्या योग्यतेचा नाही, असं म्हणतो. ऐकायला सोपं आहे. जगायला बसलं, की घरातल्या माणसांचे चेहरे समोर येतात.

१८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत टिळकांना एका युरोपियन सहप्रवाशानं नवा करार वाचायला दिला. ते याच प्रवचनापाशी थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कोकणातल्या करजगावचा चित्पावन ब्राह्मण ख्रिस्ती झाला, आणि लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाला राहिल्या. नवरा जिवंत, पण संसार मोडलेला. टिळकांनी देवाला पहिलं स्थान दिलं, हे खरं. त्याची किंमत मात्र आधी बायकोनं मोजली, हेही तितकंच खरं. चरित्रकार हा भाग घाईनं ओलांडतात, असं मला वाटतं. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये तो ओलांडला नाही. हसत हसत लिहिलाय, म्हणून तो जास्त लागतो.

काही वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या, तरी सोवळं लगेच सुटलं नाही. माणसामाणसांतला भेद देवानं केलेला नाही, हे त्यांचं त्यांना उमगलं, तेव्हा ते गळून पडलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागून गेल्या असं कुणी म्हणतं, तेव्हा मला ते पटत नाही. बाईनं आपला देव आपल्या पायांनी गाठला.

आता दुसरा निर्णय. टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये मानानं काम करत होते, ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचं संपादन पाहत होते. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते मानत. म्हणून प्रार्थनामंदिरात कीर्तन आलं, अभंग आले. (त्याच नगर जिल्ह्यात श्रीगोंद्याचे शेख महंमद कितीतरी आधी मराठीतून अभंग रचून गेले होते. माझ्यासारख्या मुसलमान कवीला ही शेजारधर्माची गोष्ट वाटते.) पण टिळकांना आतून टोचत होतं. मिशनची शिस्त, मिशनचा पगार, गोऱ्या मिशनऱ्यांचं वडीलपण. यात आपल्या देशाचा ख्रिस्त कुठे बसतो? १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली. साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. वय पंचावन्नच्या पुढे, तब्येत खालावलेली. अशा वयात माणूस ठरलेली मिळकत सहसा सोडत नाही. मी तरी सोडली नसती.

पहिल्या वेळी त्यांनी जात मागे टाकली, दुसऱ्या वेळी संस्था. दुसरी गोष्ट मला अधिक अवघड वाटते. जात सोडणाऱ्याला बाहेरचे लोक शिव्या देतात. संस्था सोडताना दुखावतात ते आपलेच, एका ताटात जेवलेले. आणि ती संस्था देवाच्याच नावानं चाललेली! देवाचं काम आणि देव यांतही निवड करावी लागते, हे टिळकांना कळलं होतं.

दरबार दोन वर्षंही नीट भरला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. ख्रिस्ताचं चरित्र सांगणारं ‘ख्रिस्तायन’ अर्ध्यावरच राहिलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहायला घेतलं, आणि १९३६ साली त्या गेल्या तोवर त्याचे बरेच अध्याय त्यांच्या हातचे झाले होते.