पायलट कुठे आहे?

लढाऊ विमानाचं चित्र दिसलं की माझ्यातला इंजिनिअर आधी पंखांवरचे रिव्हेट शोधतो. पॉल नॅशच्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’नं ती सवय मोडली. १९४१ सालचं, सुमारे सहा फूट रुंद असलेलं हे चित्र लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियमचं. फोनवर कितीही झूम करा, पायलटचा चेहरा सापडत नाही. खाली वळणं घेणारी नदी, वर विमानांमागे उमटलेल्या बाष्पाच्या पांढऱ्या रेघा, धूर सोडत कोसळणारं विमान, तरंगणारी पॅराशूट.

१९४० सालच्या त्या लढाईत ब्रिटनच्या फायटर कमांडचे ५४४ हवाई सैनिक मारले गेले. आकाशातली रेघ थोड्या वेळात विरून जाते. नॅशनं नेमकी तीच जपली. आधी मला हे चित्र अपुरं वाटलं होतं. आता वाटतं, चेहरा नाही म्हणूनच त्यातली कुठलीही रेघ कुणाच्याही मुलाची असू शकते.