मजकूर आपला, किल्ली दुसऱ्याकडे

मोडी वाचणारे कमी उरले, म्हणून पेशवे दफ्तरातले रुमालच्या रुमाल आपल्याच भाषेत असूनही आपल्याशी बोलत नाहीत. संगणकावर हीच वेळ मराठीवर काही वर्षांतच आली.

१९९० च्या दशकात मराठी टंकलेखन म्हणजे कृतिदेव, श्रीलिपी, आकृती. अशा फाँटांत बहुधा इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वळणे बसवलेली असत. संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच, वर मराठी मुखवटा! त्यात प्रत्येकाची मांडणी निराळी. दुसऱ्या यंत्रावर तो फाँट नसला की अक्षरांची भेळ.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांचीही तीच गत. सन कंपनीने १९९५ साली जावा आणली ती एकदा लिहिलेला प्रोग्राम कुठल्याही यंत्रावर चालावा म्हणून. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये जावासाठी स्वतःचे तयार क्लास दिले. काम झटपट होई, पण प्रोग्राम विंडोजलाच बांधला जाई. जावावरून या दोन कंपन्यांचा १९९७ पासून चाललेला खटला २००१ मध्ये तडजोडीने मिटला. ज्यांना विंडोजबाहेर पडायचे होते, त्यांना ते क्लास काढून सर्वत्र चालणारे बसवावे लागले. जिथे पर्याय नसेल, तिथे यंत्राशी बांधलेला भाग एकाच जागी कोंडून ठेवायचा, म्हणजे पुढे तेवढाच बदलावा लागतो.

मराठीसाठी तो सर्वत्र चालणारा भाग म्हणजे युनिकोड. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, तीही भारतीय ‘इस्की’ कोडाच्या आधाराने. विंडोज २००० बरोबर मंगल फाँट आला. आता ‘क’ म्हणजे २३२५, मग फाँट कुठलाही असो.

जुना मजकूर मात्र आपोआप बदलत नाही. जुन्या फाँटांत ‘कि’ची वेलांटी आधी आणि क नंतर, युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे क आधी. रफाराचीही अशीच जागा बदलते. म्हणून परिवर्तकातून काढलेला मजकूर डोळ्यांखालून घालावाच लागतो. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला, तर डोंगरातून थेट समुद्रात!

आमच्या अवसरी खुर्दला २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. प्रोग्राम कसे सोडवावेत हे तिथली मुले शिकतीलच. पण तुमच्या घरच्या सीडीवर कुळवृत्तान्त, स्मरणिका, आजीच्या ओव्या जुन्या फाँटात पडून असतील, तर त्या उघडताहेत तोवर युनिकोडमध्ये आणा. मोडीला निदान कागद तरी टिकाऊ मिळाला होता.